परदेशात स्वतःची गाडी नेताना: कागद, दिवे आणि शिक्के

स्वतःची गाडी घेऊन परदेशात जायचं ठरलं की आपण सगळ्यांत आधी नकाशा उघडून बसतो. मीही तेच केलं होतं. कुठून कुठे, मुक्काम कुठे, पेट्रोल पंप किती अंतरावर, सगळं वहीत उतरवलं. सीमेवरच्या पहिल्या खिडकीपाशी ती वही कुणी मागितलीच नाही. अधिकाऱ्याने कागद हातात घेतले, खुर्चीवरून उठला आणि म्हणाला, बोनेट उघडा.

आपल्यासाठी ती आपली गाडी असते. कस्टमच्या दृष्टीने तो देशात येणारा माल असतो. महाग, चाकांवर चालणारा, कुणालाही विकून टाकता येईल असा माल, आणि त्यावर आयातशुल्क भरलेलं नाही. म्हणून त्या माणसाला दोन गोष्टींची खात्री हवी असते. कागदावर लिहिलेली गाडी हीच का? आणि ती ठरलेल्या मुदतीत देशाबाहेर जाईल याची हमी कोण घेणार? हे एकदा डोक्यात बसलं की खालची निम्मी कामं का करायची ते आपोआप कळतं. उरलेली निम्मी तिथल्या रस्त्यावर इतरांना आपल्यापासून धोका होऊ नये यासाठी.

हा लेख काही आठवडे किंवा काही महिने गाडी नेऊन परत आणणाऱ्यांसाठी आहे. तिकडे कायमचं राहायला जात असाल, तर शुल्क, तांत्रिक तपासणी आणि नवी नोंदणी असा वेगळाच रस्ता लागतो. तो इथे नाही.

१. तुमची गाडी त्या देशात चालते का, हे आधी बघा

व्हिसा मिळाला म्हणजे गाडीलाही परवानगी मिळाली, हा समज पहिला काढून टाका. माणसाचे नियम वेगळे, गाडीचे वेगळे.

चीनचं उदाहरण घ्या. चीनच्या मुख्य भूमीवर आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट चालतच नाही. तात्पुरतं लायसन्स आणि तात्पुरती नंबर प्लेट घ्यावी लागते, आणि हे सगळं तिथल्या प्रवासी संस्थेमार्फत आधीपासून ठरवावं लागतं. थायलंडने २०१६ पासून परदेशी गाड्यांसाठी पूर्वपरवानगी सुरू केली; काही शेजारी देशांच्या गाड्या सोडल्या तर तीही प्रवासी कंपनीमार्फतच मिळते. अमेरिकेत तिथला रहिवासी नसलेल्या माणसाला, तिथल्या मानकांत न बसणारी गाडीसुद्धा स्वतःच्या वापरासाठी वर्षभरापर्यंत नेता येते. त्यासाठी प्रदूषण आणि सुरक्षा या दोन्ही खात्यांचे कागद भरावे लागतात आणि गाडी तिथे विकता येत नाही. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्याला संघाबाहेर नोंदलेली गाडी तिथे शुल्क न भरता साधारण सहा महिने वापरता येते.

या शेवटच्या नियमात एक खाच आहे, आणि आपली माणसं तिथेच अडकतात. ही सवलत बाहेरून आलेल्या माणसाला आहे. भाऊ, मुलगी किंवा मित्र तिकडे नोकरी करतो, त्याच्याकडे राहण्याचा परवाना आहे, मग आपण दोन आठवडे विमानाने घरी येऊन जाऊ आणि तोवर गाडी तो वापरेल, असं सरळ मनाने ठरवलं जातं. पण तो तिथला रहिवासी ठरतो. परदेशी नंबरची गाडी त्याच्या हातात सापडली आणि तुम्ही देशातच नसलात, तर त्या गाडीवर पूर्ण शुल्क लागू शकतं. कुणाच्याही हाती चावी देण्याआधी तिथल्या कस्टमचा नियम वाचा.

माहिती त्या देशाच्या कस्टम खात्याकडून, दूतावासाकडून आणि आपल्या देशातल्या ऑटोमोबाइल क्लबकडून, म्हणजे मोटारचालकांच्या संघटनेकडून घ्या. चार वर्षांपूर्वी जाऊन आलेल्याचा अनुभव रस्त्यासाठी उपयोगी असतो. नियमासाठी तो जुना झालेला असतो.

२. चासी नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा

ही पायरी कुठल्याच यादीत मला दिसली नव्हती. आमचा सगळ्यांत मोठा खोळंबा याच एका गोष्टीने झाला.

बोनेट उघडल्यावर त्या अधिकाऱ्याने मोबाइलचा टॉर्च लावला आणि पत्र्यावर ठोकलेला नंबर एकेक अक्षर बोट ठेवून वाचायला लागला. बाराव्या अक्षरावर बोट थांबलं. पत्र्यावर शून्य होतं, कागदावर इंग्रजी ‘ओ’. मी म्हणाले, टायपिंगची चूक आहे. तो शांतपणे म्हणाला, असेल, पण माझ्या दृष्टीने ही दुसरी गाडी आहे. दुरुस्तीचं पत्र येईपर्यंत आम्ही एक रात्र आणि दुसऱ्या दिवसाची दुपार तिथल्या वाहनतळावर काढली.

पुढे कळलं ते तुम्हाला आधीच सांगते. १७ अक्षरांच्या चासी नंबरात ‘आय’, ‘ओ’ आणि ‘क्यू’ ही तीन अक्षरं वापरतच नाहीत, एक आणि शून्याशी गल्लत होऊ नये म्हणून. त्यामुळे चासी नंबरात कुठल्याही कागदावर ‘ओ’ दिसला तर तो नक्की चुकलेला आहे. इंजिन नंबराला मात्र हा नियम नाही. तो प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने टाकते, त्यामुळे तिथे इंजिनावरचं अक्षर बघूनच खात्री करा.

करायचं एवढंच. गाडी धुऊन घ्या. चासी नंबर पत्र्यावर कुठे ठोकला आहे आणि इंजिन नंबर कुठे आहे, ते मेकॅनिककडून समजून घ्या. जुन्या गाडीत त्यावर ग्रीस आणि मातीचा थर असतो; रॉकेलचा बोळा आणि मऊ ब्रश घेऊन तो साफ करा. उजेडात स्वच्छ फोटो काढा. मग नोंदणी प्रमाणपत्र, विमा, परवानगीपत्र, जो कागद हातात येईल त्यावरचा नंबर या फोटोशी ताडून बघा, दोन जणांनी मिळून, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने टिकमार्क करायचं. गाडीचा रंग बदलला असेल, इंजिन बदललं असेल, वर तंबू किंवा मोठा कॅरियर बसवला असेल, तर त्याची नोंद नोंदणी प्रमाणपत्रावर आधी करून घ्या. सीमेवर ‘हे नंतर बसवलं’ हे वाक्य फार महाग पडतं.

३. कागदांची फाइल

एकच फाइल करा, प्लास्टिकच्या पारदर्शक पाकिटांची. मूळ प्रती पुढे, प्रत्येकाच्या चार-पाच झेरॉक्स मागे.

- गाडीचं मूळ नोंदणी प्रमाणपत्र
- तुमचं लायसन्स आणि आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट
- पासपोर्ट आणि व्हिसा
- त्या देशात चालणारा विमा
- कार्नेट (गाडी परत बाहेर नेण्याची हमी देणारा कागद), लागत असेल तर
- गाडी तुमच्या नावावर नसेल तर मालकाचं अधिकारपत्र, नोटरी केलेलं
- गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र
- चासी आणि इंजिन नंबराचे फोटो, गाडीचे चारही बाजूंचे फोटो
- सोबतच्या सामानाची यादी: स्टेपनी, जॅक, सुटे भाग, तंबू, फ्रिज, सायकली

अधिकारपत्राकडे घरातल्या गाडीच्या बाबतीत हमखास दुर्लक्ष होतं. गाडी बायकोच्या नावावर आणि चालवणारा नवरा, दोघंही गाडीत शेजारी बसलेले असतील तर बहुधा निभतं. पण मालक सोबत नसेल तर नातं सिद्ध करणारा कागदसुद्धा अधिकारपत्राची जागा घेत नाही. पत्रात गाडीचा नंबर, चासी नंबर, चालकाचा पासपोर्ट नंबर, देशांची नावं आणि तारखा स्पष्ट लिहा. कंपनीच्या नावावरची गाडी असेल तर कंपनीच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह.

सामानाची यादी वाचून पुष्कळांना आश्चर्य वाटतं. आत नेलेली नवी कोरी टायरं किंवा महागडा फ्रिज बाहेर पडताना गाडीत नसेल, तर तो विकला असं धरलं जातं. यादीवर आत जाताना शिक्का मारून घेतला की हा प्रश्न मिटतो.

कागदपत्रं इंग्रजीत किंवा रोमन लिपीत नसतील तर अधिकृत भाषांतर जोडा.

४. लायसन्स आणि परमिट

आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट हे तुमच्या लायसन्सचं मान्यताप्राप्त भाषांतर आहे. एकटं दाखवून उपयोग नाही. मूळ लायसन्स सोबत लागतंच.

परमिटचे आज मुख्यतः दोन प्रकार चालतात, १९४९ च्या जिनिव्हा कराराचं आणि १९६८ च्या व्हिएन्ना कराराचं. पहिलं एक वर्ष चालतं, दुसऱ्याची मुदत तीन वर्षांपर्यंत असू शकते, अर्थात मूळ लायसन्स तोवर चालू असेल तरच. कुठला देश कुठलं मानतो हे बघूनच अर्ज करा. जपान फक्त १९४९ चं मानतो. तुमच्या मार्गात दोन्ही गटांतले देश असतील तर दोन्ही परमिटं मिळतात का ते विचारा.

परमिट तुमचं लायसन्स देणाऱ्या देशातच, तिथल्या अधिकृत कार्यालयातून किंवा क्लबकडून मिळतं. इंटरनेटवर घरबसल्या ‘आंतरराष्ट्रीय लायसन्स’ म्हणून प्लास्टिकचं चकचकीत कार्ड विकणारे खूप आहेत. त्यांना पैसे देऊ नका. पोलिसाने थांबवलं तर ते कार्ड कागदाच्या तुकड्याइतकंही मोलाचं नसतं, आणि अपघात झाला तर विमा कंपनी त्याच मुद्द्यावर हात वर करू शकते.

५. कार्नेट: गाडीचा पासपोर्ट

युरोपात फिरण्यासाठी याची गरज पडत नाही. भारत, पाकिस्तान, इजिप्त, ऑस्ट्रेलिया यांच्यासारख्या देशांत गाडी तात्पुरती नेताना मात्र कार्नेट मागतात. पूर्ण नाव ‘कार्नेट द पासाज आं दुआन’, फ्रेंचमधून आलेलं. ते ऑटोमोबाइल क्लब देतात आणि साधारण एक वर्ष चालतं.

त्यामागचा हिशेब समजून घ्या. क्लब त्या देशाला सांगतो, ही गाडी परत बाहेर आली नाही तर शुल्क आम्ही भरू. आणि तो भार आपल्यावर राहू नये म्हणून तुमच्याकडून अनामत, बँक हमी किंवा विमा घेतो. रक्कम गाडीच्या किमतीवर आणि तुम्ही कुठल्या देशांत जाणार यावर ठरते. ज्या देशात आयातशुल्क चढं असतं तिथे ती गाडीच्या किमतीइतकी किंवा त्याहूनही जास्त होऊ शकते. म्हणून देशांची यादी ठरवतानाच क्लबकडून आकडा घ्या. एक देश वगळला की हमीची रक्कम बरीच खाली येते, असं होऊ शकतं.

कार्नेटच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. देशात शिरताना एक भाग फाडून तिथलं कस्टम ठेवून घेतं. बाहेर पडताना दुसरा भाग फाडला जातो. तिसरा तुमच्याकडे राहतो आणि त्यावर दोन्ही शिक्के उमटलेले असायला हवेत, आत आल्याचा आणि बाहेर गेल्याचा. आयुष्यात जपलेल्या मोजक्या कागदांमध्ये मी आता त्या तिसऱ्या भागाला धरते.

कुठे चुकतं ते सांगते.

बाहेर पडतानाचा शिक्का राहून जातो. रात्रीची वेळ, लहानशी चौकी, पासपोर्टवर शिक्का मिळाला, फाटक वर गेलं, पुढच्या गाड्या निघाल्या, मागचा हॉर्न वाजवतो. आपणही निघतो. पासपोर्टची खिडकी वेगळी आणि कस्टमची वेगळी, हे त्या घाईत लक्षात येत नाही. कागदोपत्री गाडी त्या देशातच राहिली, आणि काही महिन्यांनी शुल्काची मागणी क्लबकडे येते. असं झालंच तर गाडी घरी परतल्यावर आपल्या देशातल्या कस्टमकडून ‘गाडी आमच्या देशात आहे’ असा तपासणी दाखला घेऊन क्लबला द्यावा लागतो. सुटका होते, पण वेळ जातो.

दुसरी चूक मुदतीची. कार्नेट वर्षभराचं आहे म्हणून त्या देशात वर्षभर राहता येईल असं नाही. तिथलं कस्टम गाडीला तीन महिनेच देऊ शकतं. आत शिरताना लिहिलेली तारीख तिथेच, खिडकीपाशी उभं राहून वाचा. कार्नेट संपत आलं असेल तर वाढीव मुदतीचा अर्ज संपण्याआधी करायचा असतो.

गाडी चोरीला गेली, जळाली किंवा अपघातात मोडली, तरी शुल्काची जबाबदारी आपोआप संपत नाही. पोलिसांत तक्रार करा, त्याच दिवशी कस्टम आणि क्लब दोघांनाही कळवा. मोडलेली गाडी तिथेच सोडून विमानाने निघून येणं हे सगळ्यांत महागडं पाऊल ठरतं.

६. विमा

तुमची नेहमीची पॉलिसी सीमेपलीकडे चालते असं धरू नका. कंपनीला लेखी विचारा.

युरोप आणि त्याच्या आसपासच्या देशांत ग्रीन कार्ड पद्धत १९५३ पासून चालू आहे, म्हणजे आपल्या देशातल्या विम्याचा दाखला दुसऱ्या देशांतही चालतो. नाव ग्रीन असलं तरी २०२० पासून ते साध्या पांढऱ्या कागदावर छापलेलंही चालतं, त्यामुळे हिरवं नाही म्हणून घाबरू नका. कार्डावर देशांच्या सांकेतिक अक्षरांचे चौकोन असतात. ज्या चौकोनावर काट मारलेली आहे, त्या देशात ते कार्ड चालत नाही. मार्गातला एकेक देश बोटाने दाखवून बघा. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत यलो कार्ड आणि पश्चिम आफ्रिकेत ब्राउन कार्ड अशाच पद्धतीने चालतं.

तुमच्या देशाची गाडी या कुठल्याच पद्धतीत बसत नसेल तर सीमेवर किंवा आधी ऑनलाइन तिथला सीमा-विमा घ्यावा लागतो. रात्री पोहोचणार असाल तर ते काउंटर उघडं असतं का, हे विचारून ठेवा.

एक गोष्ट मनात पक्की ठेवा. हे सगळे विमे तुमच्यामुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचे आहेत. तुमच्या स्वतःच्या गाडीची मोडतोड, चोरी आणि टोचन यांची सोय वेगळी करावी लागते.

७. नंबर प्लेट आणि देशाचं चिन्ह

आंतरराष्ट्रीय रस्त्यावर नंबर रोमन मोठ्या अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत वाचता यायला हवा. प्लेट दुसऱ्या लिपीत असेल तर तोच नंबर रोमनमध्येही लावावा लागतो.

त्याशिवाय गाडीच्या मागे देशाचं ओळखचिन्ह लागतं: पांढऱ्या लंबगोलावर काळी अक्षरं, किमान ८ सेंटिमीटर उंचीची. भारतासाठी ‘आयएनडी’, जर्मनीसाठी ‘डी’, स्वित्झर्लंडसाठी ‘सीएच’. ही अक्षरं मनाने ठरवायची नसतात. इंटरनेटच्या पत्त्यातली दोन अक्षरं इथे चालतीलच असं नाही. ती बदलतातही. ब्रिटनने २८ सप्टेंबर २०२१ पासून ‘जीबी’ ऐवजी ‘यूके’ केलं, आणि जुने स्टिकर तेव्हापासून देशाबाहेर निरुपयोगी झाले. स्टिकर नंबर प्लेटवर चिकटवू नका, शेजारी पत्र्यावर लावा.

८. दिवे: भिंतीसमोर एक संध्याकाळ द्या

डाव्या बाजूने चालणाऱ्या देशातून उजव्या बाजूच्या देशात जाणार असाल, किंवा उलट, तर ही पायरी टाळू नका. हिच्यामुळे जीव वाचतात.

अंधार पडल्यावर गाडी सपाट जागेवर भिंतीपासून पाचेक मीटरवर उभी करा. डिपर खाली, म्हणजे लो बीम लावा. भिंतीवर उजेडाची वरची कड नीट बघा. ती सरळ आडवी नसते. एका बाजूला सपाट असते आणि दुसरीकडे तिरकी वर चढते. हा चढलेला भाग मुद्दाम ठेवलेला असतो, रस्त्याकडेच्या पाट्या आणि पायी चालणारे दिसावेत म्हणून. डावीकडून चालणाऱ्या देशाच्या गाडीत तो डावीकडे चढतो. तीच गाडी उजवीकडून चालायला लागली की डावीकडे समोरून येणारी माणसं असतात, आणि तो सगळा झोत थेट त्यांच्या डोळ्यांत जातो.

आम्हाला हे पहिल्या रात्री समजलं. समोरच्या गाड्या एकामागून एक डिपर मारत होत्या. आम्ही समजलो, पुढे पोलीस असतील. एका वळणावर समोरचा ट्रक जवळजवळ थांबला, तेव्हा लक्षात आलं की त्याला रस्ताच दिसत नाहीये. त्या रात्री पुढे गेलो नाही.

उपाय सोपा आहे. काही नव्या गाड्यांत सेटिंगमध्ये डावी-उजवी वाहतूक निवडता येते. काहींत दिव्याच्या मागे छोटा खटका असतो. गाडीच्या पुस्तिकेत दिव्यांच्या प्रकरणात हे लिहिलेलं असतं. दोन्ही नसेल तर झोत वळवणारे स्टिकर मिळतात. काच पुसून, कोरडी करून, सोबतच्या आकृतीत दाखवलेल्या जागीच ते लावायचे. लावल्यावर पुन्हा भिंतीसमोर उभं राहून चढलेला भाग गेला का ते बघा. न बघता लावलेला स्टिकर अर्ध्या वेळा चुकीच्या जागी असतो. साध्या चिकटपट्टीवर वेळ मारून नेऊ नका. दिव्याच्या उष्णतेने तिचा गोंद वितळतो आणि काच खराब होते. परतल्यावर स्टिकर काढायला विसरू नका.

स्वीडनसारख्या देशांत दिवसाही दिवे लावूनच गाडी चालवावी लागते. लख्ख उन्हात दिवे लावायची सवय नसते, म्हणून स्टीअरिंगजवळ एक चिठ्ठी चिकटवा.

९. गाडीत काय असावं आणि काय नसावं

असावं: धोक्याचा लाल त्रिकोण, चमकदार जाकीट, प्रथमोपचार पेटी. काही देश अग्निशामक नळकांडंही मागतात. जर्मनीत त्रिकोण, पेटी आणि जाकीट तिन्ही लागतात.

जाकीट डिकीत ठेवू नका. गाडी बंद पडली तर उतरण्याआधी ते अंगात असायला हवं. डिकीपर्यंत भर हायवेवर चालत जायचं असेल तर त्याचा उपयोग काय? सीटखाली किंवा दाराच्या खणात, आणि गाडीतल्या प्रत्येकासाठी एक. प्रथमोपचार पेटीतल्या वस्तूंची मुदत बघा.

नसावं: रडार पकडणारं यंत्र. पुष्कळ देशांत ते वापरणं गुन्हा आहे. स्वित्झर्लंडमध्ये तर वेगाचे कॅमेरे दाखवणारी नकाशाची सोयसुद्धा चालत नाही, म्हणून गाडीच्या नेव्हिगेशनमधला तो पर्याय सीमेआधी बंद करा. डॅशकॅमचंही बघा, पोर्तुगाल आणि ऑस्ट्रियासारखे देश खासगीपणाच्या कायद्यामुळे त्याबाबत कडक आहेत. पुढच्या दारांच्या काचांवर गडद फिल्म असेल तर निघण्याआधी काढून टाका.

लहान मुलं सोबत असतील तर त्यांच्या सीटचा नियम वेगळा शोधा. जर्मनीत १२ वर्षांखालच्या आणि १५० सेंटिमीटरहून कमी उंचीच्या मुलाला मान्यताप्राप्त चाइल्ड सीट लागते. मांडीवर घेऊन बसणं कुठेही खपत नाही.

इंधनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेट्रोल की डिझेल ते मोठ्या अक्षरांत लिहा. इटलीत ‘गासोलिओ’ म्हणजे डिझेल, ऐकायला मात्र ते गॅसोलिनसारखं वाटतं. युरोपीय संघात २०१८ पासून पंपावर खुणा एकसारख्या आहेत: पेट्रोलला गोल, डिझेलला चौकोन. नावापेक्षा आकार बघा.

१०. टायर आणि मोसम

युरोपात टायरवरच्या खाचा किमान १.६ मिलिमीटर खोल लागतात. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात रस्त्यावर बर्फ असेल तर हिवाळी टायर हवेत, आणि त्यांच्या खाचा ४ मिलिमीटर. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी टायर म्हणून फक्त तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण असलेलेच धरले जातात. जुनी ‘एम प्लस एस’ ही खूण एकटी पुरत नाही. टायरच्या कडेवर ही खूण आहे का, ते खाली वाकून बघा. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका.

११. टोल, विन्येट आणि शहरातले निर्बंध

ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, चेक प्रजासत्ताक, स्लोव्हेनिया, हंगेरी अशा देशांत महामार्गासाठी नाक्यावर पैसे द्यायचे नसतात. आधी विन्येट, म्हणजे ठराविक मुदतीचा महामार्ग-परवाना घ्यावा लागतो. आता ते बहुतेक ठिकाणी डिजिटल असतं आणि तुमच्या नंबर प्लेटला जोडलेलं असतं. काचेवर काही चिकटलेलं नसतं. म्हणजे कॅमेऱ्याने वाचलेला नंबर आणि तुम्ही भरलेला नंबर एक नसेल, तर पैसे भरूनही दंड. भरताना नंबराबरोबर नोंदणीचा देशही निवडायचा असतो. तिथे यादीतला पहिला देश तसाच राहून जातो, आणि दंडाचं पत्र घरी येईपर्यंत कळत नाही. पावतीचा स्क्रीनशॉट ठेवा, आणि शोधयंत्रात वर येणाऱ्या मध्यस्थांऐवजी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरूनच घ्या. स्वित्झर्लंडमध्ये छोट्या मुदतीचं मिळत नाही. दोन दिवसांसाठी गेलात तरी वर्षाचंच.

शहरात शिरण्याचे नियम वेगळे. जर्मनीतल्या प्रदूषण-नियंत्रण क्षेत्रांत परदेशी गाडीलाही काचेवर हिरवं स्टिकर लागतं, गाडी इलेक्ट्रिक असली तरी. लंडनच्या कमी प्रदूषण क्षेत्रात परदेशी गाडीची नोंद आधी ऑनलाइन करावी लागते.

१२. जहाजाने पाठवणार असाल तर

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला गाडी पाठवताना चिखल हा गंभीर विषय असतो. मातीतून बी आणि किडे येतात म्हणून. वरून चकचकीत गाडी पुरत नाही. चाकांच्या कमानींच्या आत, रेडिएटरच्या जाळीत, स्टेपनीच्या खळग्यात, गालिच्याखाली, एअर फिल्टरच्या डब्यात हात घालून बघा. गवताची एक काडी, वाळलेलं पान, मेलेला किडा, काहीही सापडलं तर गाडी पुन्हा धुवायला लावतात आणि खर्च तुमचा. १ सप्टेंबर ते ३० एप्रिल या काळात तर ढेकण्या नावाच्या दुर्गंधी सोडणाऱ्या एका विशिष्ट किड्यासाठी वेगळे निर्बंध असतात.

गाडी जुनी असेल तर आणखी एक बघा. ऑस्ट्रेलियात ३१ डिसेंबर २००३ पासून अ‍ॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आहे. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये आणि गॅस्केटमध्ये ते असू शकतं. भाग बदलून घ्या आणि मेकॅनिककडून लेखी घ्या.

१३. सीमेवरचा दिवस, जाताना आणि येताना

सकाळी पोहोचा. कागदात काही निघालं तर कार्यालयं उघडी असतात, फोन उचलायला कुणी असतं. जिच्यामुळे आम्हाला ती रात्र वाहनतळावर काढावी लागली ती चूक सकाळी सापडली असती, तर दुपारपर्यंत मिटली असती.

गाडी रिकामी करायची तयारी ठेवा. चासी नंबराच्या जागेवर सामान रचू नका. काही गाड्यांत तो पुढच्या सीटखाली असतो आणि तिथेच आपण बॅगा कोंबतो. फाइल ड्रायव्हरशेजारच्या माणसाकडे द्या. दुसऱ्या बाजूने चालणाऱ्या देशात टोलच्या खिडकीतून तिकीट घेणारा हातही त्याचाच.

प्रत्येक खिडकी सोडण्याआधी शिक्का स्वतः बघा. तारीख वाचता येते का, गाडीचा नंबर बरोबर आहे का, सही आहे का. पुसट असेल तर नम्रपणे पुन्हा मारून मागा. परतताना हे दुप्पट लक्ष देऊन करा, कारण घरी जायची ओढ असते आणि सगळे दमलेले असतात. आम्ही परतीच्या चौकीवर फाटक उघडलेलं असतानाही गाडी बाजूला घेतली आणि कस्टमची खिडकी शोधत मागे चालत गेलो. ती इमारतीच्या मागच्या बाजूला होती. आतल्या माणसाने पान फाडलं, शिक्का मारला, फुंकर घालून शाई वाळवली.

घरी आल्यावर कार्नेट लगेच क्लबला परत करा. सगळी पानं तपासून झाली की अनामत सुटते.